मुलांना राजमाचीला नेताना

मे महिन्याच्या शेवटी दहा-बारा मुलांना घेऊन मी राजमाचीला दोन रात्री राहते. लोणावळ्याहून राजमाची किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंतची वाट साधारण १५ किलोमीटर, बरीचशी सपाट. दहा वर्षांच्या पुढचं मूल ती चालतं, पण उजाडताच निघायचं. एकदा आम्हाला निघायलाच नऊ वाजले आणि एका मुलीला उन्हाने उलट्या झाल्या. तेव्हापासून प्रत्येकाच्या पाठीवर दोन लिटर पाणी, आणि मीठ, साखर, लिंबं माझ्या पिशवीत.

मुक्काम गावातल्या घरी करा. पिठलं-भाकरी, चुलीचा धूर, अंगणात गोधड्या. तंबूपेक्षा मुलं यातच जास्त रमतात. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत. वाटेत करवंदं पिकलेली असतात. काट्यांतून हात कसा घालायचा ते गावातल्या पोरांनाच शिकवू द्या. दगडांच्या कपारीत बोट घालायचं नाही, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ आरडाओरडा नाही, हे मात्र मी दरडावून सांगते.

काजव्यांसाठी अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा, मोबाइल घरातच ठेवा आणि मुलांना झाडाखाली वीस मिनिटं गप्प बसवा. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते. मग एक झाड लुकलुकतं, पाठोपाठ शेजारचं, आणि कुणीतरी माझा हात घट्ट धरतं. काजवा बाटलीत भरू देऊ नका. त्या उजेडानेच तो जोडीदार शोधत असतो.