युद्धपट लिहिताना या चुका टाळा (आणि किल्ला खाली ठेवू नका)

लघुपट स्पर्धांना आलेल्या संहिता मी बरीच वर्षं वाचतोय. युद्धाच्या गोष्टी दरवर्षी असतात आणि चुकाही दरवर्षी त्याच. तलवारी भाड्याने कुठे मिळतात हे पोरांना पाठ असतं. शत्रू कोणत्या भाषेत बोलणार, हे मात्र शूटिंगच्या आदल्या रात्री आठवतं.

मग मोबाइल काढायचा, मराठी वाक्य ॲपमध्ये टाकायचं आणि पलीकडून जे बाहेर पडेल ते नटाकडून घोकून घ्यायचं. मला नाक वर करायचा अधिकार नाही, कारण हे मी स्वतः केलंय. वसईच्या वेढ्यावरचा लघुपट होता. मे १७३९, पोर्तुगीज टेकीला आलेत, चिमाजीअप्पांचा निरोप घेऊन दुभाषी आत जातो. माझं वाक्य होतं, ‘किल्ला खाली करा.’ नटाने ते पोर्तुगीजमध्ये असं काही ऐटीत म्हटलं की मीच खूश. पहिल्या खेळाला एका मित्राची गोव्याची आजी आली होती, पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेली. सगळे श्वास रोखून बसलेले असताना ती फिसकन हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘अरे पुता, तो किल्ला खाली ठेवा म्हणतोय. उचलला कोणी होता?’

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी मराठी वाक्यच असं लिहायचं की त्याचे दोन अर्थ निघणार नाहीत. ‘किल्ला सोडा.’ मग ती भाषा घरात बोलणारा माणूस शोधायचा, त्याच्या तोंडून वाक्य ऐकायचं, रेकॉर्ड करायचं आणि नटाला तेच ऐकवायचं. चार दिवस जातात. जाऊ देत. आणि खरं सांगायचं तर माझी मोठी चूक वेगळीच होती. दोन्ही बाजूंचं समजणारा सबंध किल्ल्यात एकच माणूस, तो दुभाषी. तो एक शब्द गाळू शकला असता, एक पदरचा घालू शकला असता. मी त्याला पोस्टमन करून ठेवलं.

भाषा हे कथेचं हत्यार कसं होतं ते दिग्दर्शक टॅरेंटिनोच्या ‘इनग्लोरिअस बास्टर्ड्स’मध्ये (२००९) पाहा. दुसरं महायुद्ध, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समधलं शेतघर. जर्मन अधिकारी लांडा शेतकऱ्याशी फ्रेंचमध्ये बोलता बोलता विनंती करतो, माझं फ्रेंच आटलं, इंग्रजीत बोलू या का? आपण मनात म्हणतो, आलं, प्रेक्षकांच्या सोयीसाठी आलं इंग्रजी. थोड्या वेळाने कळतं की फळ्यांखाली लपलेल्या ज्यू कुटुंबाला इंग्रजी येत नाही. वर त्यांच्याच मरणाचा सौदा चाललाय आणि त्यांना पत्ता नाही. मग लांडा पुन्हा फ्रेंचवर येतो, निरोप घेतल्यासारखं बोलतो, आणि सैनिक फळ्यांवर गोळ्या झाडतात.

त्याच चित्रपटात जर्मन वेशातला ब्रिटिश अधिकारी तीन पेले मागताना तर्जनी, मधलं आणि अनामिका वर करतो. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. उच्चारांवरून आधीच संशय आलेला असतो, बोटं तो पक्का करतात. आपली आजी बोटांची पेरं मोजते. असलं काही तुमच्या हेराला कधी सुचलंय?

सगळ्यांना एकाच भाषेत बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, पण ते प्रेक्षकाला सांगा. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मध्ये (१९९०) कॅमेरा रशियन अधिकाऱ्याच्या ओठांजवळ जातो आणि ‘आर्मगेडन’ या शब्दावर रशियनची इंग्रजी होते. अमेरिकन लोक त्या रशियन पाणबुडीवर आले की रशियन भाषा परत येते. नियम एकदा लावला, शेवटपर्यंत पाळला.

किरकोळ चुका: बर्फावर पांढरे सबटायटल. मोडकं मराठी बोलणारा इंग्रज. तो विनोदी होतो, भीतिदायक होत नाही. मुघल दरबारात फारसी चाले, सिनेमातली उर्दू नव्हे.

आता रक्त. लाल रंग घातलेल्या साखरेच्या पाकाची बादली आणली की हिंसा झाली, असा समज आहे. स्पीलबर्गच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चा (१९९८) ओमाहा किनारा, म्हणजे अमेरिकन सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतं तो प्रसंग, सगळे नकलतात, म्हणजे कॅमेरा हलवतात. त्याच प्रसंगाच्या शेवटी जर्मन गणवेशातले दोन सैनिक हात वर करून काहीतरी विनवतात आणि अमेरिकन त्यांना गोळ्या घालून हसतात. ते दोघे चेकमध्ये सांगत होते की आम्ही जर्मन नाही. व्यापलेल्या देशांतली माणसं जर्मन सैन्यात बळजबरीने भरली जात. पडद्यावर सबटायटल नाही. मारणाऱ्याइतकेच आपणही अडाणी. याची नक्कल अजून एकानेही पाठवलेली नाही. त्यात कष्ट आहेत ना.

शेवटची चूक ‘असं झालं असतं तर’वाल्यांची. हिटलर ३० एप्रिल १९४५ला बर्लिनच्या बंकरमध्ये मेला. टॅरेंटिनो त्याला १९४४मध्ये पॅरिसच्या थिएटरात मारतो आणि आपण चालवून घेतो, कारण पहिल्या प्रकरणाचं शीर्षकच ‘कोणे एके काळी’ने सुरू होतं. शिवाय थिएटर पेटवणारी नायट्रेट फिल्म किती झटकन जळते, हे आधी समजावून दिलेलं असतं. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये एवढंच बदललं की विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून जाते. एकच गोळी, मग तिच्यामागून पुढचा हिंदुस्थान कसा बदलतो ते दाखवलं. आमच्याकडे येणाऱ्या पानिपतांत मात्र गोळी चुकते, तोफा वळतात, अब्दाली रडतो, सगळं एका दुपारी.

मागे एका मुलाने असंच पानिपत पाठवलं. भाऊ जिंकतात, भगवा फडकतो, नामावली. मी फोन करून विचारलं, ‘लढाईच्या आधी फौज उपाशी होती. दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारी १७६१च्या सकाळी ती काय खाते?’

जरा थांबून तो म्हणाला, ‘सर, ते भाग दोनमध्ये.’