शोपँचे दोन अवघड सोनाटे कसे ऐकावेत

पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपँ म्हटले की बहुतेकांना त्याच्या छोट्या रचना आठवतात. नॉक्टर्न, वॉल्ट्झ किंवा माझुर्का पाच-सहा मिनिटांत संपते आणि पहिल्याच ऐकण्यात मनात घर करते. त्याचे सोनाटे, म्हणजे अनेक भागांच्या लांब वाद्यरचना, मात्र असे चटकन वश होत नाहीत. पियानोसाठी त्याने तीन सोनाटे लिहिले. त्यांतला पहिला, सी मायनरमधला, १८२८ सालचा आहे. विद्यार्थिदशेत लिहिलेली ही रचना सुरुवातीला बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही. खरे काम आहे ते उरलेल्या दोघांशी : बी फ्लॅट मायनरमधला दुसरा सोनाटा (ओपस, म्हणजे रचना-क्रमांक, ३५), जो मुख्यतः १८३९ मध्ये पूर्ण झाला, आणि बी मायनरमधला तिसरा (ओपस ५८), जो १८४४ मध्ये लिहिला गेला. दोन्ही प्रामुख्याने मध्य फ्रान्समधील नोआँ या गावी, जॉर्ज साँद या लेखिकेच्या घरी आकाराला आले. दोहोंत चार-चार भाग आहेत आणि प्रत्येकाला साधारण पंचवीस मिनिटे लागतात.

आधी षड्जाचा हिशेब समजून घ्यावा

रागसंगीतावर पोसलेल्या कानाला तानपुऱ्याचा षड्ज मैफलभर स्थिर असण्याची सवय असते. सोनाट्यात तो हलतो, आणि त्याचे हलणे व परतणे हाच रचनेचा कणा असतो. मायनर म्हणजे ढोबळमानाने कोमल गंधाराचे आणि मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचे वातावरण, एवढे धरून चालले तरी पुरे. पहिल्या भागाच्या रूढ आराखड्यात एक मुख्य धून मूळ षड्जावर येते, दुसरी धून वेगळ्या षड्जावर येते, मग दोहोंची मोडतोड आणि ताणाताण होते, आणि शेवटी दोन्ही धुना मूळ षड्जावर परततात.

शोपँ दोन्ही सोनाट्यांत दुसरी धून मूळ षड्जाच्या कोमल गंधाराला षड्ज मानून मांडतो. मूर्च्छना ठाऊक असलेल्या श्रोत्याला हे स्थलांतर पटकन ओळखू येईल. इथवर तो परंपरेनेच चालतो. परतीच्या वेळी मात्र तो पहिली धून गाळून टाकतो आणि थेट दुसरी धून मूळ षड्जावर, पण शुद्ध गंधाराच्या प्रकाशात, आणतो. पहिल्या धुनेची वाट पाहत बसलेल्या श्रोत्याला रचना भरकटल्यासारखी वाटते, कारण ज्या दारातून ती परत येईल असे त्याला वाटत होते, ते दार उघडतच नाही. ही एक गोष्ट आधी माहीत असली की या सोनाट्यांतला निम्मा गोंधळ दूर होतो.

दुसरा सोनाटा तिसऱ्या भागापासून सुरू करावा

क्रम मोडून ऐकणे शुद्धतावाद्यांना रुचणार नाही, पण येथे त्याला ऐतिहासिक आधार आहे. या सोनाट्याचा तिसरा भाग, म्हणजे प्रसिद्ध शोकयात्रेची धून, शोपँने इतर भागांच्या आधी, १८३७ च्या सुमारास लिहिला होता आणि उरलेला सोनाटा त्याच्याभोवती नंतर उभा राहिला. ३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्याच अंत्यविधीला ही धून वाद्यवृंदासाठी बांधून वाजवली गेली.

ऐकताना प्रथम उजव्या हाताची धून सोडून द्यावी आणि डावा हात ऐकावा. सुरुवातीला तेथे दोनच स्वरगुच्छ आलटून पालटून येतात, घंटेच्या दोन टोलांसारखे, आणि त्या एकसुरीपणातूनच पावलांचे ओझे जाणवते. मधला भाग डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे पुन्हा तोच कोमल गंधारावरचा षड्ज. तेथे साधी, जवळजवळ उघडी धून हळुवारपणे वाजते. वादकाची कसोटी तेथे लागते, कारण ती धून भावनेने भिजवली तर गोड होऊन बसते आणि कोरडी वाजवली तर पोकळ वाटते. १९३० साली रशियन संगीतकार-पियानोवादक सर्गेई रखमानिनोव्हने केलेले ध्वनिमुद्रण यासाठी जरूर ऐकावे. मधल्या भागानंतर तो शोकधून एकदम मोठ्या आवाजात सुरू करतो आणि हळूहळू विरवत नेतो. यात्रा जवळून गेली आणि आता दूर जाते आहे, असे चित्र उभे राहते. शोपँच्या खुणांना हे धरून नाही, पण वादकाचे स्वातंत्र्य कोठवर जाऊ शकते याचा हा उत्तम नमुना आहे.

लगेच, मध्ये न थांबता, चौथा भाग ऐकावा. तो जेमतेम दीड मिनिटाचा आहे. दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने तेच स्वर वाजवत धावतात; धून नाही, साथ नाही, श्वास घ्यायला जागा नाही, आणि शेवटी अचानक एक जोरदार आघात होऊन सारे संपते. शोपँने येथे हलक्या आवाजात आणि सलग वाजवण्याची सूचना दिली आहे. अडचण खरी तीच आहे : एवढ्या वेगात जोराने वाजवणे त्या मानाने सोपे, दबक्या आवाजात समान वाजवणे महाकठीण. ज्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही, त्यांनीही या भागाचे इंटरनेटवर विनामूल्य मिळणारे छापील पान एकदा डोळ्यांखालून घालावे. त्या अखंड ओळींची नुसती दाटी पाहिली तरी कानाला काय शोधायचे ते कळते. समकालीन जर्मन संगीतकार व समीक्षक रॉबर्ट शूमानला या शेवटात संगीतापेक्षा उपहासच अधिक दिसला, आणि शोपँने आपली चार अतिशय द्वाड मुले एकत्र बांधली आहेत, अशा आशयाचा शेरा त्याने संपूर्ण सोनाट्यावर मारला. शूमान शोपँचा चाहता होता, म्हणून त्याची ही अस्वस्थता बोलकी आहे.

मग पहिल्या भागाकडे वळावे

पहिला भाग चार मात्राखंडांच्या संथ, गंभीर प्रारंभाने उघडतो आणि लगेच दुप्पट लयीत मुख्य धून सुरू होते. ही धून धापा टाकत आल्यासारखी तुटक आहे. तिच्या मधल्या विरामांकडे स्वरांइतकेच लक्ष द्यावे. दुसरी धून शांत, भरदार स्वरगुच्छांची आहे. मधल्या ताणाताणीच्या भागात डाव्या हाताच्या खालच्या सप्तकांत प्रारंभीचे ते गंभीर स्वर पुन्हा डोकावतात आणि वर मुख्य धूनेचे तुकडे धडपडत राहतात. माझ्या मते संपूर्ण सोनाट्यातली सर्वांत दाट जागा हीच आहे, आणि दोन-चार वेळा ऐकल्यावाचून ती उलगडत नाही.

येथे एक जुना वाद आहे. सुरुवातीचा हिस्सा पुन्हा वाजवायचा तो गंभीर प्रारंभापासून की दुप्पट लय सुरू होते तेथून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, कारण मूळ आवृत्त्यांतल्या खुणा जुळत नाहीत. आपण ऐकत असलेला वादक काय करतो, ते नोंदवावे. काही जण पुनरावृत्ती गाळूनच टाकतात.

दुसरा भाग, स्केर्झो (जलद, चपळ लयीचा भाग), आक्रमक आहे आणि त्याच्या पोटात एक संथ गीत आहे. त्याचा शेवट त्याच गीताच्या आठवणीत होतो, एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

तिसऱ्या सोनाट्याला वेगळा दिवस द्यावा

दोन्ही सोनाटे एका बैठकीत ऐकू नयेत. दुसऱ्यातला अंधार कानात असताना तिसरा उगाच सौम्य वाटतो, आणि तो तसा नाही. १८४४ च्या मे महिन्यात वॉर्सा येथे शोपँचे वडील वारले आणि त्या उन्हाळ्यात बहीण लुद्विका त्याला भेटायला नोआँला आली; तिसरा सोनाटा त्याच काळातला. त्यावरून स्वरांत दुःख शोधत बसण्याची मात्र गरज नाही, कारण हे संगीत आत्मकथनापेक्षा बांधणीवर उभे आहे.

पहिल्या भागात कल्पनांची इतकी गर्दी आहे की एकदा ऐकून फक्त दुसरी, लांब श्वासाची धून पकडावी. स्केर्झो तीनएक मिनिटांत सरतो. तिसरा भाग, लार्गो, अतिशय संथ आहे. वादकाने लय जरा सैल सोडली तर तो जागीच थिजतो. डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा लय धरून राहिला पाहिजे, असे शोपँ सांगत असे, हे त्याच्या शिष्यांनी नोंदवले आहे. ते सूत्र या भागात तपासून पाहावे.

शेवटचा भाग ऐकताना मुख्य धून किती वेळा येते ते मोजावे. ती तीनदा येते आणि दरवेळी डाव्या हाताची साथ अधिक दाट होते : आधी तीन-तीन स्वरांचे गट, नंतर उजव्या हाताच्या तिनांवर डाव्याचे चार, आणि अखेरीस त्याहून जलद झरे. धून तीच राहते, पण पायाखालची जमीन वेग घेते. तिनावर चार वाजवणे म्हणजे काय, हे तिस्र आणि चतस्र जाती जाणणाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

एकच जागा निरनिराळ्या हातांतून ऐकावी

आता ध्वनिमुद्रणांची तुलना करावी, पण संपूर्ण सोनाट्यांची नव्हे. दीड-दोन मिनिटांची एक जागा निवडावी आणि तीच ऐकावी. तिसऱ्या सोनाट्यासाठी दिनू लिपात्तीचे १९४७ चे आणि मार्था आर्गेरिचचे १९६७ चे मुद्रण एकमेकांसमोर ठेवावे : पहिल्यात संयम आणि स्पष्टता, दुसऱ्यात धोका पत्करणारा आवेग. दोन्ही सोनाटे एकाच वादकाकडून ऐकायचे असतील तर माउरित्सिओ पोलिनीचे १९८४ चे मुद्रण घ्यावे. काहींना ते थंड वाटते. मला त्यात रचनेची हाडे सर्वांत नीट दिसतात.

वॉर्सातील आंतरराष्ट्रीय शोपँ स्पर्धा १९२७ पासून भरते, आणि पोलिनी (१९६०) व आर्गेरिच (१९६५) हे दोघेही तिचे विजेते. २०२१ च्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत बहुतेक स्पर्धकांनी यांपैकी एखादा सोनाटा वाजवला होता आणि त्या चित्रफिती इंटरनेटवर खुल्या आहेत. तेथे दुसऱ्या सोनाट्याचा शेवटचा दीड मिनिट पाच-सहा वादकांकडून ओळीने ऐकावा. कोण पेडल दाबून स्वर धूसर करतो, कोण प्रत्येक स्वर सुटा ठेवतो आणि शेवटच्या आघाताआधी कोण क्षणभर रेंगाळतो, हे टिपण्यासाठी पहिल्यांदा डोळे मिटून ऐकावे आणि दुसऱ्यांदा वादकाच्या मनगटांकडे पाहावे.