मृग लागण्याआधी: कृष्णाकाठच्या बचाव पथकाची तयारी

गावात बचाव पथक काढायचं म्हटलं की पहिला विषय बोटीचा निघतो. वर्गणी किती, रबरी घ्यायची की फायबरची, इंजिन किती हॉर्सपॉवरचं. सांगली, पलूस, वाळव्याच्या नदीकाठी ज्यांनी यंदा पथक उभं करायचं ठरवलंय, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बोटीचा विषय मागे ठेवा. आधी माणसं गोळा करा.

उसाची तोड संपली, जत्रा आटोपल्या की चावडीवर बसा. पट्टीचे पोहणारे आणि होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारे आपल्याकडे आहेत, ते येतीलच. पण न पोहणारेही तितकेच लागतात: दोर धरायला, फोनवर बसायला, वही लिहायला, काठावर उतरलेल्या म्हातारीला कोरडं पांघरूण द्यायला. ब्रिटनमध्ये १८२४ पासून समुद्रावर जीव वाचवणारी आरएनएलआय ही संस्था देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. एरवी आपापला कामधंदा करायचा, हाक आली की निघायचं. ते जमतं, कारण वर्षभर नेमाने सराव चालतो. आपणही महिन्यातला एक रविवार नक्की करा आणि सलग तीनदा न येणाऱ्याला बोटीवर न घेता काठावरचं काम द्या. राग येईल, येऊ द्या.

एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, तुकडी पुण्याहून येते. २०१९ च्या पुरात कोल्हापूरकडचा महामार्गच पाण्याखाली गेला होता. म्हणजे पहिले काही तास गावाला गावानेच सांभाळायचे असतात. म्हणूनच पथक काढताय हे ग्रामपंचायतीच्या ठरावात घ्या, तलाठी आणि तहसील कार्यालयाला सभासदांची यादी लेखी द्या, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. सभासदांचा अपघात विमा वर्गणीतूनच उतरवा. तो उतरल्याशिवाय कुणाच्या पोराला पुरात पाठवू नका.

आता वही. माझ्या मते पथकाची सगळ्यात मोलाची वस्तू हीच. गल्लीवार घरं लिहा. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठली सून आठव्या-नवव्या महिन्यात असेल, कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं, कोण एकटं राहतं. ही माणसं पाणी चढायच्या आधी, रस्ता कोरडा असताना गाडीने हलवायची. जेवढे लोक आधी हलतील तेवढ्या बोटीच्या फेऱ्या वाचतात. जनावरांचाही हिशेब याच वहीत हवा. आमच्या वाडीत २०१९ ला एक आजोबा दोन म्हशींसाठी माडीवर थांबले आणि त्यांच्यासाठी रात्री बोट घालावी लागली. म्हशी आधी उंचावरच्या छावणीत गेल्या असत्या तर आजोबाही गेले असते. दावी सोडून द्या एवढं तरी प्रत्येक गोठ्यावर बजावून ठेवा.

पाणी कधी हलायला सांगतं? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण तुमच्या गावात पाणी कुठल्या ओढ्यातून आधी शिरतं हे त्या आकड्यावरून कळणार नाही. हरिपूरला वारणा मिळते, ब्रह्मनाळला येरळा. मोठी नदी तुंबली की ओढ्यांना फुग येते आणि पाणी पाठीमागून येतं. म्हणून आयर्विनला अमुक फूट असताना आपल्या मारुतीच्या पायरीला पाणी लागलं, अशा खुणा जुन्या माणसांना विचारून भिंतींवर रंगाने काढा. कोयनेचा विसर्ग आणि ही पातळी रोज फळ्यावर लिहायचं काम एकाकडेच द्या.

मग बोट. घेताना तिच्यावर किती माणसांची क्षमता लिहिली आहे ते वाचा, त्यातून आपली दोन-तीन माणसं वजा करा आणि उरलेला आकडा बोटीच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीत रंगवा. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला भरगच्च बोट उलटली आणि गावातली माणसं, लेकरं गेली. त्या दिवशी प्रत्येकाला आपलं माणूस आत बसवायचं होतं, आणि तसं वाटणारच. म्हणून ‘आता बास’ म्हणणारा माणूस आधीच ठरवा. तो बोट चालवणारा नको, काठावर उभा राहणारा हवा, आणि त्याचा शब्द सरपंचांनीही मोडायचा नाही. लाइफ जॅकेट जेवढी, तेवढीच माणसं. लहान मुलांच्या मापाची वेगळी घ्या. मोठ्यांच्या जॅकेटातून पोर खाली निसटतं.

बोटीत जादा वल्ही, नायलॉनचा दोर, शिट्ट्या, बॅटऱ्या आणि पंख्यात अडकलेली वेल किंवा साडी कापायला धारदार सुरी ठेवा. इंजिन बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असलीच पाहिजे. पेट्रोल उंचावरच्या घरी साठवा. सराव बंधाऱ्याजवळ करू नका, तिथलं पाणी माणसाला गुंडाळून खाली ठेवतं. पुरात गल्लीतून जाताना विजेच्या तारा डोक्याच्या उंचीला येतात, तेव्हा वीज बंद झाल्याची खात्री वायरमनकडून करून घेतल्याशिवाय बोट आत घालायची नाही. मगरी आणि साप आहेतच.

बुडणाऱ्याकडे आधी काठी करा, मग दोर टाका, मग बोट न्या. उडी अगदी शेवटी. बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबणं, उलटं टांगणं बंद करा. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, १०८ येईपर्यंत. हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावून बाहुलीवर सगळ्यांनी करून बघा, बायकांनीही.

मे महिन्यात एकदा रात्रीचा सराव ठेवा, कुणालाही आधी न सांगता. फोन गेल्यापासून बोट पाण्यात पडेपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. आणि बोटीच्या खोलीला दोन किल्ल्या करा, दोन वेगवेगळ्या आळ्यांत. त्यातली एक पूररेषेच्या वरच्या घरी.