घेवडा रोजच्या जेवणात आणताना या चुका टाळा

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला, म्हणजे राजम्याच्या जातीच्या या पट्टेदार कडधान्याला, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण साताऱ्यातच "तो शिजत नाही आणि वातूळ आहे" म्हणून त्याला सणावारापुरता ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. दोष बहुधा घेवड्याचा नसून आपल्या घाईचा असतो.

सकाळी भिजवून दुपारी कुकर लावणे ही पहिली घाई. दाणे तिप्पट-चौपट पाण्यात रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास भिजत घालावेत आणि ते पाणी ओतून द्यावे. सत्त्व वाया जाईल म्हणून त्याच पाण्यात शिजवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पोटात वायू धरवणाऱ्या शर्करांचा बराचसा भाग त्याच पाण्यात उतरलेला असतो.

दुसरी चूक मात्र अंगाशी येणारी आहे. मोडाची मटकी कच्ची खाता येते, म्हणून घेवडाही मोड आणून कोशिंबिरीत घालणारे भेटतात. कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. नुसत्या मंद उबेवर तासन्‌तास ठेवल्याने ते जात नाही. भिजवलेला घेवडा ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळ उकळला पाहिजे किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजवला पाहिजे.

तरीही दाणा दडदडीत राहिला तर आधी साठवण तपासावी, कारण उष्ण, दमट जागी वर्ष-दोन वर्षे पडलेल्या घेवड्यात गणंग, म्हणजे कितीही शिजवले तरी कडकच राहणारे, दाणे वाढतात. मग पाणी पाहावे; बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम साल मऊ होऊ देत नाही. आमच्याकडे एकदा चिंचेचा कोळ आधीच पडला आणि आठ शिट्ट्यांनंतरही दाणा बोटांत दाबला तरी चेपेना. आंबट नेहमी दाणा शिजल्यावरच घालावे. मिठाने दाणा शिजत नाही हा आळ मात्र खोटा आहे. सोड्याने दाणा लवकर मऊ होतो खरा, पण थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते.

घेवडा खाऊनही भाताचा ढीग तेवढाच ठेवणे किंवा आमटीवर बोटभर तेलाचा तवंग आणणे यात आरोग्य कुठे राहिले? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या 2000 कॅलरींच्या ताटात डाळी-कडधान्यांना दिवसाला 85 ग्रॅम जागा आहे आणि त्यात मांसाहाऱ्यांची अंडी-मांसही धरलेली आहेत. सवय नसलेल्याने आठवड्यातून दोनदा अर्ध्या वाटीने सुरुवात करावी. ज्वारीच्या भाकरीत कमी असलेला लायसिन हा प्रथिनातला घटक घेवडा पुरवतो आणि वरून पिळलेले लिंबू त्यातले लोह शरीराला घेऊ देते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर तेच लोह पुन्हा अडते. साताऱ्याच्या माणसाला हे सांगणे अवघड आहे, पण तासभर तरी थांबावे.