जुनं घर स्मार्ट करायचंय? एका बोर्डापासून सुरुवात करा

‘संपूर्ण घर स्मार्ट’ अशी पॅकेजं विकणारे बरेच भेटतील. त्यांना तूर्त थांबवा. भिंती न फोडता, जुनी बटणं तशीच ठेवून, त्यांच्या मागे बसणारी छोटी रिले मॉड्यूल्स, म्हणजे ॲपवरूनही चालू-बंद करता येणारे स्विच, मिळतात. ती एकेक करून लावता येतात आणि नाही पटली तर काढूनही टाकता येतात.

आधी बोर्ड निवडा. हॉलचा बोर्ड बरा, कारण तिथे दिवे जास्त असतात. मेन बंद करून पुढची प्लेट उघडा आणि दोन गोष्टी बघा: मागे मॉड्यूल मावेल एवढी खोली आहे का, आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, आहे का. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर पाच अँपिअरचा सॉकेट असतो, त्यामुळे न्यूट्रल सहसा सापडते. फक्त बटणं असलेल्या बोर्डात मात्र अनेकदा नसते.

मग लोड मोजा. दिव्यांना कुठलंही मॉड्यूल चालतं. गीझरचं तसं नाही. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. दहा अँपिअरचं मॉड्यूल २००० वॅटला कागदावर कसंबसं पुरेल, पण बंद डब्यात तापत राहील; ३००० वॅटला तर पुरणारच नाही. गीझरला १६ अँपिअरचं मॉड्यूल किंवा वेगळा काँटॅक्टर (जड लोडसाठीचा विजेवर चालणारा स्विच) लावा. पंख्याचा वेग दिव्याच्या डिमरने बदलू नका, पंखा घुं घुं करायला लागतो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक मोटरच्या) पंख्याला तर रेग्युलेटर जोडायचाच नाही.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. एमसीबी (मेन बोर्डातला सुरक्षा स्विच) पाडल्यावर वीज खरंच बंद झाली का, याची टेस्टरने खात्री करायची. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, मॉड्यूलवरच्या एल खुणेला, न्यूट्रल एन खुणेला, दिव्याकडे जाणारी वायर आउटपुटला आणि बटण एस१-एस२ मध्ये. गोंधळ होतो तो इथेच: आपल्या बोर्डात फेजचा लूप एका बटणावरून दुसऱ्यावर उडी मारत गेलेला असतो. एस१-एस२ ला जोडलेल्या बटणावर फेज चालत नाही असं मॉड्यूल असेल, तर त्या बटणावरचा लूप काढून तो पुढच्या बटणाला थेट जोडावा लागतो. हे विसरलं की मॉड्यूल पहिल्याच झटक्यात जळतं. मॉड्यूलसोबत आलेली आकृती वायरमनला आधी दाखवा. ‘सगळी सारखीच असतात’ हे उत्तर मान्य करू नका.

आता ॲप. वायफाय मॉड्यूल्स बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा राउटरचा तो बँड चालू ठेवा. दहा-पंधरा मॉड्यूल्सपुढे जाणार असाल तर झिगबी (वायफायऐवजी वापरली जाणारी बिनतारी पद्धत) घ्या. त्यात विजेवर चालणारी मॉड्यूल्स सहसा एकमेकांचे सिग्नल पुढे नेतात, पण त्यांना ॲपशी जोडणारा एक हब लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र वापरायची असतील तर खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह शोधा; हे मानक २०२२ मध्ये आलं.

वीज परत आल्यावर मॉड्यूलने काय करायचं, याची सेटिंग हमखास दुर्लक्षित राहते. दिव्यांना ‘आधीच्या स्थितीत’ ठेवा, गीझरला ‘बंद’च. नाहीतर दुपारी लाइट आली की रिकाम्या घरात गीझर तापत बसेल.

शेवटी राउटर बंद करून भिंतीवरचं बटण दाबा. दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर जोडणी चुकली आहे किंवा मॉड्यूल हलकं आहे. हे सुधारेपर्यंत दुसऱ्या बोर्डाला हात लावू नका.

नवीन बांधकाम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भिंती बंद होण्याआधी केएनएक्सची (घरातली उपकरणं तारेने जोडण्याच्या मानकाची) हिरवी केबल टाकून घेण्याचा विचार जरूर करा.