इंग्लिश लिटरेचर घेऊन बीए करायचंय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करते, इंग्लिश लिटरेचर घेऊन बीए करणं म्हणजे इंग्लिश स्पीकिंगचा कोर्स नव्हे. फाडफाड इंग्लिश बोलणारी मुलं पहिल्याच सेमिस्टरला कंटाळलेली मी पाहिलीत आणि वर्गात तोंड न उघडणारी मराठी मीडियमची मुलं शेवटच्या वर्षाला सगळ्यांच्या पुढे गेलेलीही पाहिलीत. इथे लागतो तो वाचायचा दम, आणि एकदा लिहिलेलं खोडून परत लिहायची तयारी. मी ठाण्यातल्या मराठी शाळेतूनच या लाइनला आले, आता ऐरोलीत सबटायटलिंगचं काम करते, आणि शाळेतलं मराठी मला या डिग्रीत जितकं उपयोगी पडलं तितकं दुसरं काहीच पडलं नाही.

ॲडमिशनचं थोडक्यात सांगते. बारावी कुठल्याही स्ट्रीममधून असली तरी चालते. ठाणे-नवी मुंबईतली बरीच कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यांच्याकडे आधी विद्यापीठाच्या साइटवर नोंदणी करायची, मग कॉलेजचा फॉर्म, मग मेरिट लिस्ट. २०२४-२५ पासून तिथे नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न आलाय, म्हणजे मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडीचा विषय), क्रेडिट्स, तीन वर्षांत डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन एवढं नक्की विचारा की इंग्लिश मेजर म्हणून शेवटपर्यंत मिळणार का, कारण मुलं कमी पडली की काही ठिकाणी तो विषय चालवतच नाहीत आणि मग दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलायची धावपळ होते.

आता अभ्यास. गाईड आधी वाचू नका, प्लीज. गाईडमध्ये थीम्स, कॅरेक्टर स्केच सगळं तयार असतं, ते वाचून मग कादंबरी उघडली की तुम्ही फक्त गाईडमधलं शोधत बसता, स्वतःचं काही दिसतच नाही, आणि पेपरात तेच उत्तर अख्ख्या वर्गाने लिहिलेलं असतं. आधी टेक्स्ट. पहिला चॅप्टर अगदी हळू वाचा, गोष्ट सांगतंय कोण, त्याला काय माहिती आहे आणि तो काय लपवतोय एवढंच बघा. प्रत्येक चॅप्टर झाला की वहीत दोन-तीन ओळी, आणि सोबत पान नंबर, तो विसरू नका, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तोच कामाला येतो. शब्द अडला की प्रत्येक वेळी डिक्शनरी उघडायची नाही, खूण करून पुढे जायचं, नाहीतर गोष्टीची लिंकच तुटते. माझं बरंचसं वाचन ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये झालंय, ठाण्याला खिडकीची सीट मिळाली की वाशीपर्यंत डोकं वर करायचं नाही.

कवितेला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात आणि मला वाटतं आपल्याला घाबरायचं काहीच कारण नाही. शाळेत वृत्तं शिकलोय ना आपण? यमाताराजभानसलगं, गण पाडायचे, लघु-गुरूच्या खुणा करायच्या. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, चार य गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू हे चार वेळा, बारा अक्षरं. इंग्लिशमधलं आयँबिक पेंटामीटर हे त्याच जातीचं काम आहे, फरक एवढाच की तिथे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ ते मोजत नाहीत, बोलताना जोर कुठे पडतो ते मोजतात. हलकं-जोरात, हलकं-जोरात, असं पाच वेळा. आपण मराठी माणसं इंग्लिश वाचताना सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो म्हणून ती लय कानाला कळत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग लावून पेन्सिलने ओळीखाली खुणा करा आणि मग मोठ्याने म्हणा. घरचे बघत राहतील, बघू देत.

आणि हे फक्त मार्कांसाठी नाही. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक घ्या. लेडी मॅकबेथ पहिल्या अंकात नवऱ्याचं पत्र वाचून लगेच राजाच्या खुनाचं ठरवायला लागते, तेव्हाचं तिचं बोलणं पद्यात आहे, एकदम बांधलेलं. पाचव्या अंकात ती झोपेत चालते, हात चोळत राहते, आणि तिथे शेक्सपिअरने तिला गद्य दिलंय, तुटक वाक्यं, एकातून दुसऱ्यात उडी. बाईचं मन मोडलंय हे कुणी सांगायच्या आधी तिच्या ओळी मोडल्यात. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

आता हेच उत्तरात कसं आणायचं ते बघा. ‘लेडी मॅकबेथ महत्त्वाकांक्षी आहे आणि शेवटी तिला पश्चात्ताप होतो’ हे वाक्य सगळेच लिहितात, त्यात चूक काही नाही पण तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी आधी एक ठाम मुद्दा मांडा, की तिचं कोसळणं आपल्याला तिच्या भाषेतून दिसतं. मग पुरावा, पहिल्या अंकातलं पद्य आणि पाचव्या अंकातलं गद्य. मग त्या पुराव्यातून मुद्दा कसा सिद्ध होतो ते दोन-तीन वाक्यांत. झालं. बहुतेक मुलं तिसरी पायरी गाळतात आणि कोटेशन टाकून मोकळी होतात. दर आठवड्याला असा एक पॅरेग्राफ तरी हाताने लिहा आणि मॅडमना किंवा सरांना दाखवा, ते नाही म्हणत नाहीत.

असाइनमेंट एआयकडून लिहून घ्यायचा मोह होईल, सगळ्यांनाच होतो. पण या डिग्रीत कमवायची गोष्ट एकच, स्वतः विचार करून वाक्य लिहिणं, तीच दुसऱ्याकडून करून घेतली तर तीन वर्षं कशाला घालवायची?

भारतीय इंग्लिश साहित्य आलं की आपलं पारडं आणखी जड. कवी अरुण कोलटकर मराठीतही लिहायचे आणि इंग्लिशमध्येही, त्यांचं ‘जेजुरी’ १९७६ चं, इंग्लिशमधलं. ज्याने लहानपणी खंडोबाच्या पायऱ्या चढल्यात, कपाळाला भंडारा लावलाय, त्याला त्या कवितांतली निम्मी जागा आधीच ओळखीची असते. म्हणून मराठी वाचन सोडू नका. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथली मेंबरशिप घ्या.

पुस्तकांवर खूप खर्च करायची गरज नाही. जुनी, कॉपीराइट संपलेली टेक्स्ट्स प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर फुकट आहेत. बाकीची माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर सेकंडहँड बघा, ठाण्याहून स्लो लोकल पकडली की झालं. फक्त शेक्सपिअर घेताना खाली नोट्स असलेली एडिशनच घ्या.

पुढे काय, तर शाळेत शिकवायचं असेल तर दोन वर्षांचं बीएड, किंवा कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए करून नेट-सेटची पात्रता परीक्षा. त्याशिवाय तीन वर्षांचं लॉ आहे, जर्नलिझम आहे, कंटेंट, एडिटिंग, प्रकाशनाची कामं आहेत. माझ्या कामात इंग्लिश सबटायटलच्या एका ओळीत साधारण ४२ कॅरॅक्टर्स बसतात आणि जास्तीत जास्त दोन ओळी, तेवढ्यात माणसाचा राग, टोमणा, सगळं आलं पाहिजे, आणि कवितेची एकेक ओळ उलगडायची सवय तिथे रोज कामाला येते. या सगळ्या लिहिण्याच्या नोकऱ्यांना सॅम्पल्स मागतात, मार्कशीट नंतर बघतात. त्यामुळे कॉलेज मॅगझिन असो की एखाद्या नाटकाचं परीक्षण, पहिल्या वर्षापासून लिहीत राहा आणि चांगले पीस एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, तारखेसकट.