बॅन्फला निघालाय? बर्फातल्या भटकंतीचं आधी वाचा

सुट्टीला कोल्हापुरात आलो की हॉटेल मॅनेजमेंट करून कॅनडाला निघालेली पोरं गाठतातच, आणि प्रश्न पण ठरलेला, दादा बूट इथनं नेऊ का तिकडं घेऊ. बुटांवर येतो, पण त्याआधी एक सांगतो. आपण पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चिखल तुडवत गेलेली माणसं, रांगणा झालेला असतो, त्यामुळं ट्रेक म्हटलं की आपण दोनच गोष्टी विचारतो, किलोमीटर किती आणि चढ किती. बॅन्फच्या, म्हणजे कॅनडातल्या रॉकी डोंगरांमधल्या नॅशनल पार्कच्या, हिवाळ्यात ह्या दोन्ही नंतर. पहिलं विचारायचं की वाटेच्या वरच्या अंगाला काय आहे. आपल्याकडं भीती पाय घसरून दरीत जायची, तिकडं भीती वरनं येणाऱ्या बर्फाची, म्हणजे ॲव्हलांचची. तुम्ही सपाट वाटेनं निवांत चाललेला असता आणि डोक्यावर तीस ते पंचेचाळीस अंशाचा उतार अख्ख्या हिवाळ्याचा बर्फ धरून बसलेला असतो, आणि तुमचा स्टॅमिना कितीबी भारी असू दे, त्याला काही फरक पडत नाही.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि परत सकाळी ॲव्हलांच कॅनडाच्या साइटवर त्या भागाचा अंदाज बघायचा, बॅन्फचा अंदाज पार्क्स कॅनडावाले, म्हणजे तिकडचं नॅशनल पार्कचं खातं, करतात पण तो तिथंच दिसतो. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी असते कन्सिडरेबल, आणि आपली पोरं नेमकी हितंच फसतात, पाचात तीन म्हणजे मधलं, चालतंय की. नाही चालत. कन्सिडरेबलचा सरळ अर्थ असा की माणसाच्या वजनानं बर्फ सुटायची चांगलीच शक्यता आहे. बर्फ नुकताच पडलाय, वारा जोरात झालाय किंवा एकदम ऊब आलीय, ह्या तिन्ही वेळा जास्त सांभाळायचं. चिनूक नावाचा गरम वारा सुटला की काही तासांत पारा पंधरा-वीस डिग्री वर जातो, सगळे जाकिटं काढून खूष, आणि वरचा बर्फ मात्र तेव्हाच सैल होत असतो.

दुसरं म्हणजे ट्रेकच्या ॲपवर रेटिंग बघून वाट निवडू नका. त्यातले बरेच रिव्ह्यू उन्हाळ्यातले असतात, आणि उन्हाळ्यात फॅमिली घेऊन जायची वाट हिवाळ्यात ॲव्हलांचच्या पट्ट्यातनं जाणारी असू शकते. लेक लुईसचंच घ्या. तळ्याच्या काठानं जाणारी साधारण दोन किलोमीटरची सपाट वाट, फोटोला एक नंबर, पण तळ्याच्या पलीकडच्या टोकाला ॲव्हलांचचे पट्टे खाली उतरतात आणि त्याच्या पुढं सिक्स ग्लेशियर्सची वाट तर हिवाळ्यात आपल्यासाठी नाहीच. टोकाच्या अलीकडं बोर्ड लावलेला असतो तिथनं मागं फिरायचं, पुढं कुणाच्या पावलांचे ठसे दिसले तरी. ठसे बघून वाट सुरक्षित आहे असं समजायची आपल्याला सवय आहे. ती सवय कोल्हापुरात ठेवून जा. आणि मोरेन लेकबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तर तिथला रस्ता ऑक्टोबरच्या मध्यापासनं मेअखेरपर्यंत सगळ्याच गाड्यांना बंद असतो, विषय संपला.

सुरुवातीला काय करायचं मग? टनेल माउंटन. बॅन्फ गावातनंच चालत जाता येतं, जाऊन येऊन पाचेक किलोमीटर, चढ अडीचशे-तीनशे मीटर, म्हणजे आपल्या माणसाला किरकोळ. फेनलँडची वाट तर दोन किलोमीटरची, ड्यूटी सुटल्यावर सुद्धा होते. जॉन्स्टन कॅनियनला खालचा धबधबा सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि वरचा अडीच, धबधबे गोठून निळसर बर्फाचे खांब झालेले असतात आणि त्यावर दोर लावून माणसं चढत असतात, ते बघायला जाच.

आता ह्या तिन्ही ठिकाणी स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, लागत नाहीत, हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही. इतकी लोकं चाललेली असतात की बर्फ दाबून दाबून काचेसारखा होतो, तिथं लागतात बुटावर चढवायचे स्पाइक, रबराला साखळी आणि दात असलेले. पहिल्या पगारातनं पहिली खरेदी ही करा, बाकी सगळं नंतर. स्नोशू लागतात भुसभुशीत बर्फात, जिथं पाय गुडघ्यापर्यंत रुततो, उदाहरणार्थ बॅन्फशेजारच्या कॅननॅस्किस भागातला चेस्टर लेक. ते विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतात, घेताना तुमचं वजन अधिक सॅकचं वजन सांगा कारण साइज त्यावर ठरते, आणि काठ्यांना खाली रुंद चकत्या आहेत का बघून घ्या. घालून उलटं मागं चालायला जाऊ नका, शेपटी बर्फात रुतून पाठीवर आपटाल. आणि स्कीवाल्यांसाठी आखलेल्या दोन चरांतनं चालू नका, बाजूनं चाला, तिकडची माणसं सहसा बोलत नाहीत पण ह्यावरनं बोलतात. कॅननॅस्किसला गाडी घेऊन गेलात तर तिथला पास वेगळा, नॅशनल पार्कचा पास तिथं चालत नाही.

बुटांचं उत्तर: तिकडंच घ्या. इथनं घेतलेले फिट्ट ट्रेकिंग बूट जाड मोज्यावर आवळतात, रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गार पडतात. इथल्या दुकानात थर्मल म्हणून मिळतं त्याचं लेबल वाचा, कॉटन असेल तर ठेवून द्या. थंडीपेक्षा घाम वाईट, चढताना भिजलेला कपडा थांबल्यावर अंगावरच गार होतो, त्यामुळं निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे असेच कपडे घालायचे आणि जाड जाकीट सॅकमध्ये थांबल्यावर घालायला. वाऱ्यासकट तापमान उणे अठ्ठावीसच्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी घरी बसा, मिसळ करा.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, पाणी वरनं गोठायला लागतं त्यामुळं तोंड मोकळं राहतं. नळीवाली पिशवी नकोच. मोबाईल आतल्या खिशात अंगालगत, नाहीतर साठ टक्के दाखवत दाखवत बंद पडतो. खायला भडंग नेऊ नका, मी नेणारी पोरं बघितलीत, हातमोजे काढल्याशिवाय खाता येत नाही आणि काढले की निम्मं भडंग वाऱ्यावर आणि बोटं बधीर. शेंगदाण्याचे लाडू छोटे वळून आतल्या खिशात ठेवायचे, बाहेरच्या कप्प्यात ठेवले तर दगड होतात. थर्मासमध्ये आल्याचा चहा, तो लई कामाला येतो.

उजेडाचं गणित वेगळं करावं लागतं. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि साडेचारनंतर लगेच मावळतो, त्यातबी डोंगराआड तो आधीच गेलेला असतो. परत फिरायची वेळ घरनंच ठरवून निघायची, पोचलो नाही तरी त्या वेळेला फिरायचं. हेडटॉर्च प्रत्येकाकडं, एकात तिघं नाही. गाडी नसेल तर रोम (Roam) नावाच्या तिथल्या लोकल बसेस आहेत, शेवटची बस कितीची ते आधी बघा. गाडी असेल तर आइसफील्ड्स पार्कवेवर, म्हणजे लेक लुईसवरनं जॅस्परकडं जाणाऱ्या रस्त्यावर, नोव्हेंबरपासनं मार्चअखेरपर्यंत विंटर टायर किंवा चेन लागतातच.

गावाबाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठं जातोय, कोण कोण आहे, किती वाजेपर्यंत परत येणार, हे कुणालातरी सांगून जायचं. आणि इथंच आपली पोरं आईला व्हॉट्सॲप करून मोकळी होतात. हिवाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो. तुम्ही संध्याकाळी सहाला यायचे म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेसहा, आई मेसेज बघणार चहा झाल्यावर आणि मग तिनं राजारामपुरीतनं करायचं काय? सांगायचं ते तिकडच्या रूममेटला किंवा सुपरवायझरला, आणि ठरलेल्या वेळेच्या दोन तास पुढं गेलं की 911, म्हणजे तिकडचा इमर्जन्सी नंबर, लावायचा असं स्पष्ट बोलून. आईला परत आल्यावर फोटो पाठवा.